खोलीत संगणक एक, वापरणारे चार



आपल्या रामनगरचा विद्यार्थी दहावी-बारावी झाला की बहुधा गावाबाहेर पडतो. कुणी बेळगाव गाठतो, कुणी धारवाड-हुबळीला जातो, कुणी अनमोड घाट उतरून गोव्यात, तर कुणी थेट पुण्याला. तिथे तिघे-चौघे मिळून एक खोली भाड्याने घेतात. शेगडी एकाची, कुकर दुसऱ्याचा आणि संगणक तिसऱ्याचा. शेगडीवरून फारसे बिनसत नाही, कारण तिच्यावर काय शिजले ते सर्वांच्या ताटात दिसते. संगणकाचे तसे नाही. कुणी काय केले ते तो उठून गेल्यावर दिसत नाही, आणि तिथूनच संशय सुरू होतो.

"मी घरी आलेलो असताना माझ्या संगणकावर खोलीतला मित्र काय करतो ते मला कळायला हवे, त्यासाठी काय बसवू?" हा प्रश्न बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांच्या तोंडी आता सर्रास ऐकू येतो. विचारणाऱ्याला एखाद्या सॉफ्टवेअरचे नाव हवे असते. नाव सांगणे एका मिनिटाचे काम आहे. पण ते बसवल्यावर हाती काय येते, काय येत नाही, आणि आपण कायद्याच्या कोणत्या कलमापाशी जाऊन उभे राहतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. पालकांनाही हा विषय परका नाही. घरात दोन-तीन भावंडांत एकच संगणक असतो. विश्वस्त मंडळावर तर शाळेच्या संगणक कक्षाची जबाबदारी आहे.

प्रथम हे मान्य करू की संगणकाच्या मालकाची काळजी खोटी नसते. प्रोजेक्टची फाइल उडते. कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो. कुणी फुकटात मिळणारा चोरीचा सिनेमा उतरवतो आणि सोबत नको ती घाण यंत्रात शिरते. पण याहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. इंटरनेटवर आपली ओळख म्हणजे जो आकडा दिसतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. खोलीत एक वाय-फाय असेल तर चारही जणांचे फोन आणि संगणक बाहेरच्या जगाला त्या एकाच पत्त्याने दिसतात. त्या पत्त्यावरून काही गैरप्रकार झाला तर पोलीस कंपनीकडे चौकशी करतात आणि कंपनी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव देते. खुर्चीवर त्या वेळी कोण बसले होते हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

हा आकडा माणसाला कुठे नेऊन बसवू शकतो याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. २००७ साली ऑर्कुट या संकेतस्थळावर छत्रपती शिवाजी महाराजांविषयी आक्षेपार्ह मजकूर आला. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले, त्यामुळे आजच्या विद्यार्थ्यांना ते नावही ठाऊक नसेल. पुणे पोलिसांनी आय.पी. पत्त्यावरून माग काढला आणि ऑगस्टच्या अखेरीस बंगळूरच्या एका तरुण संगणक अभियंत्याला अटक करून पुण्याला आणले. तो सुमारे पन्नास दिवस तुरुंगात होता. नंतर उघड झाले की इंटरनेट कंपनीकडून मिळालेली माहितीच चुकीची होती. तो पत्ता त्याचा नव्हताच. तिथे चूक कागदावरची होती. भाड्याच्या खोलीत तर कागद अगदी बरोबर असूनही माणूस चुकीचा असू शकतो. म्हणून "माझ्या यंत्रावर कोण, केव्हा बसले" हे मालकाला ठाऊक असावे, ही अपेक्षा रास्तच आहे.

पण "कोण, केव्हा" आणि "काय" हे दोन प्रश्न वेगळे आहेत. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत ‘निगरानी’ हा एक शब्द आणि ‘ताक-झाँक’ हा अगदी दुसरा. मराठीतही लक्ष ठेवणे, पाळत ठेवणे आणि डोकावणे हे तीन शब्द तीन निरनिराळ्या कामांसाठी आहेत. आई चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेवते. पोलीस संशयितावर पाळत ठेवतात. आणि शेजारच्या खिडकीत जो डोकावतो त्याला गावात काय म्हणतात ते मी लिहायला नको. गोंधळ असा होतो की संगणकावर ही तिन्ही कामे एकाच सॉफ्टवेअरने होतात, आणि करणाऱ्याला वाटते की आपण दुधाकडे लक्ष ठेवतो आहोत.

पालकांना एस.टी.डी. बूथ आठवत असेल. पिवळी पाटी, काचेची खोकी आणि आत फोन. मुलांनो, तुमचे वडील बहुधा अशाच बूथवरून घरी फोन करत. आपण काचेचे दार ओढून घ्यायचो आणि बोलायचो. बाहेर मीटरवर लाल अक्षरांत नंबर, मिनिटे आणि रक्कम उमटे, शेवटी छापील पावती मिळे. म्हणजे कुठे फोन लावला आणि किती वेळ बोलणे झाले हे बूथवाल्याला पूर्ण कळे. बोलणे काय झाले ते कळत नसे. यावरून कधी कुणी बूथवाल्यावर रागावले नाही, कारण मीटर सर्वांच्या डोळ्यांसमोर होते आणि दार आपल्या हातात होते. खोलीतल्या संगणकाची व्यवस्था या बूथसारखी करता येते, आणि त्यासाठी बाहेरून काही विकत आणावे लागत नाही.

संगणक स्वतःहून पुष्कळ नोंदी ठेवतो. विंडोजमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची सोय पहिल्यापासून असते. त्यातल्या ‘सिक्युरिटी’ या भागात कोणत्या खात्याने केव्हा प्रवेश केला याची तारीख-वेळेसह नोंद असते. तिचा क्रमांक ४६२४. उघडून पाहाल तर घाबरून जाल, कारण यंत्राच्या स्वतःच्या अंतर्गत कामांच्या नोंदीही त्यात शेकड्यांनी भरलेल्या असतात. त्यांतल्या ‘लॉगऑन टाइप’ २ असलेल्या नोंदी तेवढ्या प्रत्यक्ष समोर बसून केलेल्या प्रवेशाच्या. ब्राउझर आपला इतिहास ठेवतो. क्रोममध्ये तो साधारण ९० दिवसांचा असतो. नुकत्याच उघडलेल्या फाइलींची यादी असते, उतरवलेल्या फाइलींचा फोल्डर असतो.

यातून जे कळत नाही तेही पाहू. ब्राउझरचा इतिहास कुणीही दोन क्लिकमध्ये पुसू शकतो. ‘इन्कॉग्निटो’ खिडकी बंद केली की तिचा इतिहास त्या यंत्रात राहत नाही. (मात्र त्यामुळे आपण अदृश्य होतो असा मुलांचा समज असतो, तो चुकीचा आहे. इंटरनेट देणारी कंपनी आणि ते संकेतस्थळ यांच्यापासून ती खिडकी काहीही लपवत नाही.) वाय-फायचा राउटर मालकाला फार तर कोणते उपकरण जोडलेले होते आणि कोणत्या संकेतस्थळाकडे गेले एवढे सांगू शकतो. पत्त्याच्या सुरुवातीला जिथे ‘एच.टी.टी.पी.एस.’ असते तिथे आतले पान, मजकूर, पासवर्ड हे सगळे गुप्त लिपीत जाते. थोडक्यात राउटर म्हणजे बूथचे मीटर. पण सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की या सर्व नोंदी खात्याच्या असतात, माणसाच्या नसतात. खोलीतले चौघे एकाच खात्यातून आणि एकाच पासवर्डने काम करत असतील तर हजार नोंदी वाचूनही "कोण" हे कळणार नाही. आणि त्याच्या आधारे कुणावर आरोप केला तर तो निव्वळ अंदाज ठरेल.

म्हणून खरे काम एकच आहे, प्रत्येकाला स्वतंत्र खाते काढून देणे. सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’, तिथे ‘अदर यूझर्स’, तिथे नवे खाते. पाच मिनिटे लागतात. मालकाचे खाते ‘ॲडमिनिस्ट्रेटर’, बाकीच्यांची ‘स्टँडर्ड’. स्टँडर्ड खात्यातून सबंध यंत्रावर परिणाम करणारे सॉफ्टवेअर बसवताना किंवा महत्त्वाची सेटिंग बदलताना यंत्र ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते. त्यामुळे व्हायरसचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. एका स्टँडर्ड खात्याला दुसऱ्या खात्याचे फोल्डर उघडता येत नाहीत, म्हणजे प्रोजेक्टची फाइल चुकून उडण्याचा प्रश्नही मिटतो. उठताना विंडोजची कळ आणि ‘एल’ एकत्र दाबायची, पडद्याला कुलूप लागते. पूर्वीच्या विंडोजमध्ये पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ खाते असे, ते विंडोज १० पासून राहिले नाही. आणि विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने देऊ केलेली नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे, तेव्हा जुने यंत्र खोलीत सर्वांसाठी ठेवणाऱ्यांनी तिकडेही पाहावे.

इथे दुसऱ्या बाजूच्या विद्यार्थ्यालाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ॲडमिनिस्ट्रेटर खात्याला इतरांचे फोल्डर उघडता येतात. स्वतंत्र खाते म्हणजे मालकापासून तिजोरी नव्हे. मित्राच्या संगणकावर बँकेचा व्यवहार करू नये, पासवर्ड साठवू का असे ब्राउझरने विचारले तर नाही म्हणावे. एकाच खात्यातून सगळे काम करणाऱ्या खोल्यांत तर ब्राउझरने साठवलेले सर्वांचे पासवर्ड, त्या खात्याचा पासवर्ड ज्याला ठाऊक आहे त्याला वाचता येतात. मोबाइलवरचे व्हॉट्सॲप संगणकाला एकदा जोडले की ते तसेच जोडलेले राहू शकते, आणि नंतर त्या खुर्चीवर जो बसेल त्याला आपले संदेश दिसतात. फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ ही यादी उघडून पाहिली आहे का? बहुतेकांनी पाहिलेली नसते. खोलीतली पुष्कळशी "हेरगिरी" ही हेरगिरी नसून असे उघडे राहिलेले दार असते.

आता त्या सॉफ्टवेअरकडे वळू, ज्याचे नाव सर्वांना हवे असते. की-लॉगर म्हणजे कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप टिपून ठेवणारा प्रोग्राम. काही प्रोग्राम ठरावीक वेळाने पडद्याचे चित्रही घेतात. काही तर प्रोग्राम नसतातच, कीबोर्डची वायर आणि संगणक यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढा एक तुकडा बसवलेला असतो. बूथच्या भाषेत सांगायचे तर हे मीटर नव्हे, फोनच्या आत बसवलेला टेपरेकॉर्डर आहे.

याचा पहिला तोटा बसवणाऱ्यालाच होतो. मित्राचा बँकेचा पासवर्ड, त्याने बहिणीला लिहिलेले पत्र, डॉक्टरांना विचारलेला प्रश्न, हे सगळे आता तुमच्या ताब्यात आहे. उद्या त्याच्या खात्यातून पैसे गेले तर पहिला संशय कुणावर? शिवाय फुकट मिळणारे असे अनेक प्रोग्राम टिपलेली माहिती तिसऱ्याच माणसाकडे पाठवतात. म्हणजे खोलीतल्या चौघांवर पाळत ठेवणारा तिसराच कुणीतरी असतो, आणि त्याला दार उघडून देणारे आपण.

दुसरी गोष्ट कायद्याची. "संगणक माझा आहे, मी काहीही बसवीन" असे म्हटले जाते. अर्धे बरोबर आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे, माहिती काढून घेणे, व्हायरस सोडणे या गोष्टींबद्दल भरपाई सांगितली आहे. हेच काम अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. स्वतःच्या यंत्रात मालक शिरला तर हे कलम सरळ लागत नाही, हे खरे. पण मित्राचे ई-मेलचे खाते तुमच्या यंत्रात नसते. ते दुसऱ्या कुणाच्या तरी संगणकावर, कदाचित दुसऱ्या देशात असते. टिपलेला पासवर्ड वापरून तुम्ही ते उघडलेत की तुम्ही आपल्या घरात राहिला नाहीत, परवानगीविना दुसऱ्याच्या घरात गेलात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरण्यासाठी ६६-क हे वेगळे कलम आहे. २००८ साली झालेल्या दुरुस्तीने ते आले आणि २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाले. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. संगणकाच्या कॅमेऱ्याने कुणाच्या खाजगी अवयवांचे चित्र संमतीविना टिपले तर कलम ६६-ङ आहेच.

आणखी एक कलम मुलांनी, विशेषतः मोठ्या मुलांनी, नीट वाचावे असे आहे. २०१३ साली न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ने घेतली आहे. एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवली तर तो गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत. गुन्हा रोखण्याची जबाबदारी सरकारने ज्याच्यावर सोपवली आहे त्याने केलेले काम, किंवा त्या परिस्थितीत वाजवी ठरणारे वर्तन, असे काही अपवाद कायद्यात आहेत. पण संगणक कुणाच्या मालकीचा होता हा अपवाद त्यात नाही. वर्गातल्या मैत्रिणीला "माझ्या लॅपटॉपवर असाइनमेंट कर" म्हणून बसवायचे आणि मागे प्रोग्राम चालू ठेवायचा, याला कुणी गंमत समजू नये.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. ज्यांच्या नावाने तो निकाल ओळखला जातो ते न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. आधारच्या सक्तीविरुद्ध त्यांनी २०१२ साली अर्ज केला तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. मूलभूत हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध मागायचा असतो, खोलीतल्या मित्राविरुद्ध तो घेऊन थेट कोर्टात जाता येईल असे नाही. पण त्यानंतर या देशात "त्यात लपवण्यासारखे काय आहे?" हा प्रश्न विचारणाऱ्याची बाजू पहिल्यासारखी भक्कम राहिलेली नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहाचा संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल जमा करण्याचा नियम अमान्य केला आणि काढून टाकलेल्या विद्यार्थिनीला परत घ्यायला लावले. इंटरनेट वापरता येणे हे शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडलेले आहे, असे न्यायालयाने म्हटले.

विश्वस्त मंडळींसाठी अमेरिकेतली एक घटना मुद्दाम सांगतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात लोअर मेरियन नावाच्या भागातील सरकारी शाळांनी माध्यमिक विद्यार्थ्यांना सुमारे २,३०० लॅपटॉप घरी वापरायला दिले. चोरी झाल्यास सापडावे म्हणून त्यात एक प्रोग्राम होता. तो चालू केला की दर थोड्या मिनिटांनी समोरच्या माणसाचा फोटो आणि पडद्याचे चित्र शाळेला पाठवी. हेतू चांगलाच होता. पण विद्यार्थ्यांना आणि पालकांना याची कल्पना दिलेली नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये एका विद्यार्थ्याला उपमुख्याध्यापिकेने बोलावून घरातल्या खोलीत काढलेला त्याचा फोटो दाखवला. हातात गोळ्या दिसत होत्या, शाळेला त्या अमली पदार्थाच्या वाटल्या. मुलगा म्हणाला, खायच्या गोड गोळ्या आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये पालक न्यायालयात गेले. चौकशीत पन्नास हजारांहून अधिक चित्रे निघाली. फौजदारी खटला भरला गेला नाही, पण ऑक्टोबर २०१० मध्ये शाळा व्यवस्थापनाला ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड करावी लागली. चोरीसाठी बसवलेल्या यंत्रणेने मुलाच्या बिछान्यापर्यंत मजल मारली, आणि ती कुणी थांबवली नाही, कारण ती चालू आहे हे मोजक्या लोकांनाच ठाऊक होते.

आपल्याकडे आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला आहे. एखादी व्यक्ती निव्वळ खाजगी किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळत असेल तर त्याला हा कायदा लागू नाही, म्हणून खोलीतले मित्र यातून सुटतात. शाळा सुटत नाही. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती हवी आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवता येणार नाही, असे कलम ९ मध्ये आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती सूट मिळाली आहे. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने, त्या अधिसूचनेनंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. संगणक कक्षात कोणती नोंद ठेवायची, किती दिवस ठेवायची आणि ती कोण पाहणार हे मंडळाच्या बैठकीत लिहून ठरवायला आपल्याला तेवढा अवधी आहे. माझे मत असे की नोंद खात्याची आणि वेळेची असावी, आणि ‘येथे नोंद ठेवली जाते’ असा फलक दारावर मराठीत आणि कन्नडमध्ये लावावा. सायबर कॅफेसाठी २०११ च्या नियमांनी हेच केले. ओळखपत्र पाहणे, येण्या-जाण्याची वेळ रजिस्टरात लिहिणे आणि ते रजिस्टर किमान एक वर्ष जपणे. ग्राहकाच्या डोळ्यांदेखत.

पालकांचा प्रश्न थोडा निराळा आहे. बारा वर्षांचा मुलगा आणि वीस वर्षांचा खोलीतला मित्र यांना एकच माप लावता येत नाही. लहान मुलाच्या बाबतीत लक्ष ठेवणे हे आईवडिलांचे कर्तव्यच आहे. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे ‘फॅमिली सेफ्टी’ किंवा फोनसाठी गूगलचे ‘फॅमिली लिंक’ वापरावे. त्यात मुलाचे वेगळे खाते असते, वेळेची मर्यादा घालता येते, आणि मुख्य म्हणजे ही देखरेख आहे हे मुलाला दिसते. चोरून बसवलेला प्रोग्राम मुलाला सापडतोच, आज ना उद्या. त्या दिवसानंतर तो सगळे काम मित्राच्या फोनवर करतो आणि आपल्याला आधी कळत होते तेवढेही कळेनासे होते. संगणक आतल्या खोलीत न ठेवता जेवणघरात ठेवला तर अर्धे काम कोणत्याही प्रोग्रामशिवाय होते. मूल सोळा-सतराचे झाले की मर्यादा हळूहळू सैल करायला हव्यात, कारण पुढच्याच वर्षी ते बेळगावच्या खोलीत राहणार असते आणि तिथे आपण नसतो.

खोलीत राहणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात वहीच्या एका पानावर चार ओळी लिहून चौघांनी सह्या कराव्यात. संगणक कुणाचा, खाती कुणाकुणाची, कोणत्या नोंदी यंत्र ठेवते आणि त्या कोण पाहू शकतो. काय उतरवायचे नाही. वाय-फायचे बिल कसे वाटायचे. हे वाचून हसू येईल, पण भाड्याचा करार आपण लिहूनच करतो ना? मालकाला अमुक संकेतस्थळे नकोच असतील तर ती राउटरवरच बंद करता येतात. कुणी काय पाहिले ते शोधत बसण्यापेक्षा हे सोपे आणि सरळ. यापुढेही संशय आला तर समोर बसवून विचारावे आणि संगणक देणे बंद करावे. मालकाला तो हक्क आहेच, त्यासाठी पुरावा गोळा करायची गरज नाही. प्रकरण खरोखर गुन्ह्याचे असेल तर स्वतः हेर होऊ नये. पैशांची फसवणूक असेल तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा, इतर तक्रारींसाठी केंद्र सरकारचे राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आणि जवळचे पोलीस ठाणे आहे. यंत्र तसेच ठेवावे, काही पुसू नये.

वर्ष संपून खोली सोडताना मात्र मुले गादी आणि बादली आठवणीने नेतात आणि खाते तसेच ठेवून जातात. जाणाऱ्याने आपल्या फाइली पेन ड्राइव्हवर घ्याव्यात, ब्राउझरमधून ‘साइन आउट’ करावे, फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’च्या यादीतून तो संगणक काढावा, गूगल खात्याच्या सुरक्षा पानावरच्या उपकरणांच्या यादीतूनही काढावा. मग मालकाने त्याच्यासमोर ‘अदर यूझर्स’मध्ये जाऊन ते खाते ‘रिमूव्ह’ करावे. यात त्या खात्यातल्या फाइलीही यंत्रातून जातात, म्हणून पेन ड्राइव्हचे काम आधी. आणि त्याच संध्याकाळी वाय-फायचा पासवर्ड बदलावा.